लाइट जाऊन आल्यावर कॉम्प्युटर लॉगिन घेत नाही? आधी कुठे अडलंय ते बघा

लाइट गेली, आली, मशीन चालू केलं आणि कालपर्यंत चालणारा पासवर्ड आज चालेना. अशा वेळी बहुतेक जण सगळ्यात आधी पासवर्ड रीसेट करायला धावतात. खरं तर ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. वीज गेल्यामुळे पासवर्ड बदलत नाही. विंडोजमध्ये लोकल, म्हणजे त्याच मशीनपुरत्या, खात्यांची माहिती रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्याच्या) ज्या फाइलमध्ये असते ती बिघडली, तर सहसा विंडोज लॉगिनपर्यंत पोचतच नाही. म्हणजे लॉगिनचा पडदा समोर दिसत असेल तर पासवर्ड बहुधा शाबूत आहे, घोडं दुसरीकडेच अडलंय. शिवाय लोकल खात्याचा पासवर्ड बाहेरून जबरदस्तीने बदलला, की त्या खात्यात विंडोजने एन्क्रिप्ट केलेल्या फाइली आणि साठवलेले पासवर्ड उघडेनासे होतात. साधी अडचण सोडवताना नवी ओढवून घेतल्यासारखं होतं.

म्हणून आधी पडद्यावर नेमकं काय लिहून येतंय ते वाचा आणि फोनवर त्याचा फोटो काढून ठेवा. "पासवर्ड इनकरेक्ट", "पिन उपलब्ध नाही", "रिकव्हरी की टाका" आणि "युजर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड" हे चार वेगवेगळे बिघाड आहेत आणि चौघांचे उपायही वेगळे आहेत.

सुरुवात कीबोर्डपासून

हसू नका, पण निम्मा गोंधळ नम लॉकचा असतो. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर रोजचं शटडाउन पूर्ण शटडाउन नसतं. विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलला जातो, त्यामुळे नम लॉकही बहुधा आदल्या दिवशीसारखाच राहतो. वीज अचानक गेली की पुढचं बूट पहिल्यापासून होतं आणि नम लॉक बंद असू शकतो. आता उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवरून नुसत्या आकड्यांचा पासवर्ड टाकला तर खोक्यात ठिपकेच उमटत नाहीत. अक्षरं आणि आकडे मिसळलेला पासवर्ड असेल तर प्रकार आणखी फसवा होतो. नम लॉक बंद असताना ४ दाबला की कर्सर डावीकडे सरकतो, ७ दाबला की थेट सुरुवातीला जातो आणि पुढची अक्षरं भलत्याच जागी पडतात. ठिपके दिसतात, फक्त आकडे गायब असतात. पासवर्डच्या खोक्यातलं डोळ्याचं चिन्ह दाबून धरा आणि काय उमटलंय ते डोळ्यांनी बघा.

तिथेच उजव्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असतं. मराठी कीबोर्ड बसवलेला असेल तर पूर्ण बूटनंतर तोच आधी येऊन बसलेला असू शकतो. विंडोज की धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. कॅप्स लॉकची सूचना विंडोज स्वतःच देतं, भाषेची देत नाही.

कीबोर्ड अजिबातच दाद देत नसेल तर मशीन बंद करा, पॉवर केबल मागून काढा आणि पॉवरचं बटण २० ते ३० सेकंद दाबून धरा. पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज निघून जातो आणि झटक्याने अडकलेला यूएसबी कंट्रोलर बरेचदा सुटतो. मग कीबोर्ड मागच्या यूएसबी पोर्टला थेट लावा, हबमधून नको. माउस चालत असेल तर लॉगिनच्या पडद्यावरच्या अॅक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड काढता येतो.

एक मात्र पाळा: तोच पासवर्ड चिडून पंधरा वेळा मारू नका. अलीकडच्या विंडोज ११ च्या नव्या इन्स्टॉलेशनवर १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं १० मिनिटं लॉक होतं. त्या काळात बरोबर पासवर्डही नाकारला जातो आणि माणसाची खात्रीच पटते की पासवर्ड बदललाय.

दर वेळी लाइट गेली की हेच होत असेल तर सेल बघा

बिघाड एकदा झाला तर तो योगायोग असू शकतो. प्रत्येक वेळी वीज गेल्यावर तोच बिघाड येत असेल तर पहिला संशय मदरबोर्डवरच्या गोल सेलवर घ्या. हा सीआर २०३२, ३ व्होल्टचा. मशीन बंद असलं तरी प्लग चालू असेपर्यंत बोर्डवरच्या घड्याळाला पॉवर सप्लायच्या ५ व्होल्ट स्टँडबाय लाइनमधून वीज मिळत राहते, त्यामुळे सेल संपला तरी महिनोन्महिने पत्ता लागत नाही. भिंतीवरून येणारी वीज गेली की सगळा भार सेलवर येतो आणि मेलेल्या सेलबरोबर घड्याळ कित्येक वर्षं मागे जाऊन बसतं. जुन्या बोर्डांवर घड्याळाबरोबर बायोसची, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामची, सेटिंगंही पुसली जातात.

ओळखायच्या खुणा अशा: सुरू होताना "सीमॉस चेकसम एरर" किंवा "एफ१ दाबा" असा संदेश येतो, लॉगिनच्या पडद्यावर तारीख भलतीच दिसते, पंख्याचा वेग किंवा बूटचा क्रम बदललेला असतो.

तारखेचा लॉगिनशी संबंध काय, असं वाटेल. लोकल खात्याचा साधा पासवर्ड तारीख बघत नाही, पण बाकी बरंच काही बघतं. ऑनलाइन खात्याशी बोलताना सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं जातं आणि ज्या मशीनवर दहा वर्षांपूर्वीची तारीख आहे, त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं. जोडणी तुटते आणि पडद्यावर "डिव्हाइस ऑफलाइन आहे" असलं काहीतरी मोघम येतं. दर ३० सेकंदांनी बदलणारे कोड घड्याळावरच चालतात, म्हणून कॉम्प्युटरवरच्या अॅपमधून असे कोड काढत असाल तर ते चुकीचे निघतात. मुलांच्या खात्याला वेळेची मर्यादा लावलेली असेल तर चुकीच्या घड्याळामुळे दुपारी चार वाजताही "आत्ता परवानगी नाही" असं उत्तर मिळतं.

तात्पुरता इलाज बायोसमधून. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, आत तारीख आणि वेळ बरोबर भरा, एफ१० दाबून सेव्ह करा. वेळ अंदाजे भरली तरी चालेल, पण भरायची इथेच. विंडोज आपणहून जुळवून घेईल या भरवशावर राहू नका, कारण डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरवरून लॉगिन तपासणाऱ्या नेटवर्कमध्ये, नसलेल्या मशीनवर फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर विंडोजची वेळ-सेवा एरवी तो दुरुस्त करतच नाही.

बायोसमध्ये गेलाच आहात तर स्टोरेज मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते, बघून घ्या. विंडोज रेड मोडमध्ये बसवलेलं असेल आणि सेटिंगं पुसली जाऊन तो एएचसीआय झाला असेल, किंवा उलट, तर विंडोज सुरूच होणार नाही, निळ्या पडद्यावर "इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" येईल. हा डिस्कचा बिघाड नाही. मोड पूर्वीसारखा करा, विषय संपला.

कायमचा इलाज म्हणजे सेल बदलणं. आधी प्लग काढा, पॉवर बटण दाबून चार्ज घालवा, केसच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. सेलच्या कडेची धातूची पट्टी नखाने किंवा प्लॅस्टिकच्या काडीने बाजूला दाबली की सेल उचलून वर येतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, तो घसरून बोर्डावरच्या रेषा खरवडतो. मल्टिमीटर असेल तर मोजा: नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.७ च्या आसपास किंवा खाली असेल तर बदला. नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर. सीआर २०२५ दिसायला तसाच असतो पण अर्ध्या मिलिमीटरहून जास्त पातळ, तो खाचेत सैल बसतो आणि तक्रार पुन्हा सुरू होते. बदलल्यावर तारीख भरा, मशीन बंद करा, प्लग मुद्दाम अर्धा तास काढून ठेवा आणि मग घड्याळ तपासा. ही चाचणी केल्याशिवाय केसचं झाकण लावू नका.

सेल काढण्याआधी मात्र पुढचा भाग वाचा, कारण काही मशीनवर सेल काढल्यानंतरच बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मागतं.

पिन चालत नाही, किंवा निळा पडदा ४८ आकडे मागतो

पिन म्हणजे छोटा पासवर्ड नव्हे. तो त्याच एका मशीनवर, टीपीएम नावाच्या सुरक्षा-चिपशी बांधलेला असतो. बायोस पूर्वपदावर गेल्याने टीपीएम बंद झाली किंवा तिचं आतलं चित्र बदललं, तर विंडोज म्हणतं की पिन सध्या उपलब्ध नाही. अशा वेळी "साइन-इन ऑप्शन्स" दाबून चावीचं चिन्ह निवडा आणि पूर्ण पासवर्ड टाका. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर त्या खात्याचा. फोनवरून नुकताच तो बदलला असेल आणि राउटर अजून सुरू झालेला नसेल, तर मशीनला फक्त जुनाच पासवर्ड माहीत असतो, तो टाकून बघा. आत गेल्यावर सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथून पिन काढून नव्याने लावा. त्याआधी बायोसमध्ये टीपीएम चालू करायला विसरू नका. इंटेल बोर्डांवर ती पीटीटी आणि एएमडी बोर्डांवर एफटीपीएम या नावाने असते.

काही एएमडी बोर्डांवर सुरू होतानाच काळ्या पडद्यावर प्रश्न येतो: एफटीपीएमची माहिती बिघडली आहे, रीसेट करायला वाय दाबा, तशीच ठेवायला एन. घाईत वाय दाबू नका. रिकव्हरी की हातात नसेल तर उत्तर एन.

ती की म्हणजे बिटलॉकरचा ४८ आकड्यांचा नंबर. आपण बिटलॉकर कधी लावलंच नाही असं ठामपणे सांगणाऱ्यांच्या मशीनवरही तो निघतो, कारण मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केलेल्या बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं. अशा वेळी की त्याच खात्यात साठवलेली असते. फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, डिव्हाइसच्या यादीत ते मशीन शोधा, बिटलॉकर कीची माहिती उघडा. एकापेक्षा जास्त की दिसल्या तर निळ्या पडद्यावर दाखवलेल्या की आयडीची पहिली ८ अक्षरं जुळणारी घ्या. आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. फोनवर कोणीतरी वाचून दाखवतंय आणि एखाद्या गटाची शंका आली तर कॅल्क्युलेटरवर ११ ने भागून बघा, बाकी उरली तर त्याच गटात चूक आहे.

की कुठेच सापडली नाही तर विंडोज पुन्हा बसवायच्या आधी बायोसमध्ये सिक्युअर बूट आणि टीपीएम पूर्वी जसे होते तसे करून बघा. मूळ सेटिंगं परत आली की बरेचदा की न मागता मशीन उघडतं. टीपीएम क्लिअर करणारा पर्याय दिसेल, त्याला हात लावू नका.

लॉगिन होतं, पण डेस्कटॉप ओळखीचा नसतो

पासवर्ड घेतला, पण फाइली नाहीत, वॉलपेपर नाही, कोपऱ्यात "टेम्पररी प्रोफाइल" अशी सूचना. किंवा आत न घेता थेट "युजर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड". कारण एकच. प्रत्येक वापरकर्त्याची सेटिंगं त्याच्या फोल्डरमधल्या एनटीयूजर डॉट डॅट या लपवलेल्या फाइलमध्ये असतात आणि लॉगिन असेपर्यंत विंडोज त्यात सतत लिहीत असतं. त्या लिहिण्याच्या मध्येच वीज गेली की फाइल अर्धवट राहते. शेजारी नोंदवहीच्या दोन लॉग फाइली असतात, त्यांवरून विंडोज बहुतेकदा सावरतं, पण दर वेळी जमतंच असं नाही. फाइल वाचता आली नाही की विंडोज तात्पुरतं प्रोफाइल देतं. तुमच्या फाइली डिस्कवर जागच्या जागी असतात. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये मात्र काहीही सेव्ह करू नका, साइन आउट झालं की ते पुसलं जातं.

आधी एक-दोनदा नुसतं रीस्टार्ट करा, पुष्कळदा तेवढ्यानेच जमतं. नाही जमलं तर आधी डिस्क तपासा. खाली सरकलेल्या पायावर भिंत दुरुस्त करण्यात अर्थ नाही. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि सी एच के डी एस के सलग, मग स्पेस, सी आणि कोलन, स्पेस, स्लॅश एफ अशी कमांड द्या. वाय दाबून रीस्टार्ट केल्यावर तपासणी होते. हार्डडिस्कवर तासभरही लागू शकतो, मध्ये बंद करू नका. बॅड सेक्टर (डिस्कचे खराब झालेले भाग) निघाले तर दुरुस्ती तिथेच थांबवा आणि आधी डेटा दुसरीकडे हलवा.

डिस्क ठीक निघाली की रजिस्ट्री. दुसरं अॅडमिन खातं नसेल आणि तुमचंच खातं अॅडमिन असेल, तर तात्पुरत्या प्रोफाइलमधूनही हे करता येतं.

१. विंडोज की आणि आर दाबून रेजएडिट उघडा. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइल लिस्ट असं खाली जा. प्रोफाइल लिस्टवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करून ठेवा.

२. एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या लांबलचक नावांत एकच नाव दोनदा सापडेल: एक साधं आणि एक शेवटी डॉट बॅक लावलेलं. डॉट बॅकवालं उघडून प्रोफाइल इमेज पाथ बघा, तिथे तुमच्या खऱ्या फोल्डरचा पत्ता असायला हवा.

३. साध्या नावाच्या शेवटी डॉट ओल्ड जोडा. मग दुसऱ्या नावातलं डॉट बॅक काढून टाका. क्रम उलटा केला तर विंडोज नाव बदलू देत नाही.

४. त्याच कीमध्ये स्टेट आणि रेफकाउंट या दोन किमती ० करा. रेफकाउंट नसेल तर सोडून द्या. रीस्टार्ट करा.

डॉट बॅकवालं नावच नसेल, किंवा एवढं करूनही तेच घडलं, तर एनटीयूजरची फाइल कामातून गेली असं समजा. नवं खातं उघडा आणि जुन्या फोल्डरमधून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स कॉपी करा. एनटीयूजर नावाने सुरू होणारी एकही फाइल बरोबर आणू नका, नाहीतर बिघाडही नव्या घरी राहायला येईल.

पासवर्ड घेतल्यावर नुसता काळा पडदा किंवा न थांबणारं चक्र दिसत असेल तर सेफ मोडमध्ये जा: लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि ४. सेफ मोडमध्ये आत जाता आलं तर ड्रायव्हर किंवा सुरुवातीला चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामवर संशय घ्या. तिथून एस एफ सी, स्पेस, स्लॅश स्कॅननाउ ही कमांड चालवून सिस्टम फाइली तपासून घ्या.

लिनक्सवर पासवर्ड घेतो आणि परत लॉगिनवरच येतो

पासवर्ड चुकीचा असता तर तसा संदेश आला असता. पडदा क्षणभर काळा होऊन परत लॉगिन येत असेल तर सेशन सुरू होता होता पडतंय. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून टेक्स्ट लॉगिन करा. आधी जागा बघा: डी एफ, स्पेस, डॅश एच. होम (तुमच्या फाइलींचा भाग) किंवा रूट (सिस्टमचा भाग) १०० टक्के भरलं असेल तर तेच कारण. जागा असेल तर होममध्ये एखादी रिकामी फाइल तयार करून बघा. "रीड-ओन्ली फाइल सिस्टम" असं उत्तर आलं तर डिस्कमध्ये चुका सापडल्यामुळे कर्नलने लिहिणं बंद केलंय. मग लाइव्ह यूएसबीवरून बूट करून, ते पार्टिशन माउंट न करता, त्यावर एफ एस सी के सलग ही डिस्क तपासायची कमांड चालवायची. चालू पार्टिशनवर चालवलं तर आहे तेही बिघडतं. दोन्ही ठीक असतील तर होममधली एक्सऑथॉरिटी ही लपवलेली फाइल बघा. तिचा आकार शून्य असेल किंवा मालक रूट (लिनक्सचा अॅडमिन) झाला असेल तर तिचं नाव बदला, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते.

ऑफिसात सगळ्यांचंच अडलं तर

तुमच्या मशीनला हात लावू नका, सर्व्हरकडे बघा. डेस्कटॉप अर्ध्या मिनिटात उठतो, स्विच आणि राउटरला त्याहून जास्त वेळ लागतो आणि डोमेन सर्व्हरला तर आणखीच. मशीनला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी मिळालेला असेल तर ते नेटवर्कच्या आधी उठलंय, रीस्टार्ट पुरे. "लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही" येत असेल आणि काम तातडीचं असेल तर नेटवर्क केबल काढून लॉगिन करून बघा. त्या मशीनवर पूर्वी लॉगिन केलेलं असेल तर साठवलेल्या नोंदीवरून विंडोज आत घेतं, एरवी शेवटच्या १० खात्यांच्या नोंदी ठेवलेल्या असतात.

घड्याळाचा मुद्दा इथे फार कडक असतो. डोमेनमध्ये मशीन आणि सर्व्हरच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केरबेरॉस (डोमेनमध्ये ओळख तपासणारी यंत्रणा) लॉगिनचं तिकीट देत नाही, पासवर्ड कितीही बरोबर असो. सर्व्हर व्हर्च्युअल, म्हणजे दुसऱ्या (होस्ट) मशीनच्या आत चालणारा, असेल आणि वेळ होस्ट मशीनकडून घेत असेल, तर त्या होस्टचा एक मेलेला सेल अख्खं ऑफिस बाहेर बसवू शकतो. वीज आल्यावर क्रम ठेवा: स्विच आणि राउटर, मग डोमेन सर्व्हर, त्याची वेळ तपासणं आणि मग बाकीची मशीनं.

पुन्हा होऊ नये म्हणून

बायोसमध्ये "रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस" अशा नावाचं सेटिंग असतं. ते पॉवर ऑफ वर ठेवा. वीज परत येताना अनेकदा दोन-तीनदा येते-जाते. हे सेटिंग ऑन असेल तर मशीन दर वेळी अर्धवट बूट होऊन पडतं आणि लागोपाठ अशी बूट फसली की विंडोज ऑटोमॅटिक रिपेअरच्या पडद्यावर जाऊन बसतं. वीज स्थिर झाल्यावर बटण स्वतः दाबलेलं बरं. दुसरं अॅडमिन खातं आजच तयार करून ठेवा आणि बिटलॉकरची की कागदावर लिहून त्या मशीनपासून दूर ठेवा.

यूपीएस असूनही हा त्रास होत असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, यूपीएसची यूएसबी केबल मशीनला जोडली आहे का. ती नसेल तर बॅटरी संपत आल्याचं विंडोजला कळत नाही आणि शेवटी तोच झटका बसतो, फक्त दहा मिनिटं उशिरा. केबल जोडली की पॉवर ऑप्शन्समध्ये बॅटरीचे पर्याय दिसू लागतात, तिथे बॅटरी खालावल्यावर शटडाउन किंवा हायबरनेट निवडा. दोन, आतली बॅटरी. छोट्या यूपीएसमध्ये साधारण १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. सगळं काम सेव्ह करा, फाइली बंद करा आणि यूपीएसचा प्लग काढून घड्याळ लावा. पाच मिनिटं तग धरली नाही तर बॅटरी बदला.